वीज गेली, विहीर आठवली

१६ मे २०२१, रविवार. तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले आणि आमच्या वाड्यावर आंब्याची फांदी तारांवर पडली. चार दिवस वीज नव्हती. अंधाराचे एवढे नाही हो, मेणबत्ती असते. पण पंप बंद म्हणजे टाकी कोरडी. त्यात कोविडची दुसरी लाट, संचारबंदी. शेजारचे काका घरीच ऑक्सिजनच्या यंत्रावर होते, आणि तेही विजेवरच चालणारे! कुणाच्या तरी ओळखीने सिलिंडर मिळाला म्हणून निभावले.

आम्ही मात्र शिव्या घालीत बसलो. मी स्वतः सरकारी कारकून, शिव्या खायची सवय आहे. पण भर पावसात खांबावर चढलेला लाईनमन पाहिला आणि गप्प झालो. तारा भूमिगत करा, ही मागणी मी सोडणार नाही. माडा-फणसांच्या मुलखात उघड्या तारा टिकायच्या कशा? पण विहिरीवर स्लॅब घालून वर स्कूटर लावणारे आपणच ना? वाड्यावर एकच बांय उघडी होती, तीही एका आजीच्या हट्टामुळे. रहाट गंजलेला. चार दिवस सगळा वाडा तोंडाला मास्क लावून तिथेच, कळश्या घेऊन रांगेत.

पाचव्या दिवशी वीज आली. आजीने दुसऱ्याच दिवशी माझ्याकडून रहाटाला तेल घालून घेतले.