टोट म्हणे!

परवा नात पुण्याहून कोरेगाव भीमाला आली, तर खांद्याला जाड्याभरड्या कापडाची पिशवी. साडेचारशेची! "आजी, टोट आहे. कूल दिसते."

१९८०च्या सुमारास मी बी.कॉम. करत होते. आई जुन्या परकराची अशीच पिशवी शिवायची. मला लाज वाटे. साडीच्या दुकानाची चकचकीत प्लॅस्टिकची पिशवी मिरवण्यात तेव्हा ऐट होती. एकदा आईला म्हटलं, "ही घेऊन कॉलेजात येऊ नकोस." ती काही बोलली नाही, पण माझ्यासाठी पुन्हा शिवलीही नाही.

२३ जून २०१८पासून राज्यात प्लॅस्टिक पिशवीला पहिल्या वेळी पाच हजार दंड लागू झाला. तरी भाजीवाला अजून काळी पिशवीच पुढे करतो. दंडाने जमलं नाही ते फॅशनने थोडंफार केलं, म्हणून मी कूलला नावं ठेवणार नाही. पण कपाटात सहा-सहा टोट जमवणं हा अपरिग्रह नव्हे, हे नातीला सांगितलंच.

"माझ्या सुती साडीची शिवून देऊ?" विचारलं.

"आतून खिसा असेल?"

आईच्या पिशवीला असायचा. एसटीच्या सुट्ट्या पैशांसाठी.