पारो, चंद्रमुखी आणि मधला रस्ता

एखादा तरुण दाढी वाढवून, उदास चेहऱ्याने हिंडू लागला की 'त्याचा अगदी देवदास झाला आहे' असे आपण सहज म्हणून जातो. ज्याने कादंबरी वाचलेली नाही आणि एकही चित्रपट पाहिलेला नाही, त्यालाही या शब्दाचा अर्थ ठाऊक असतो. बंगाली कादंबरीच्या नायकाचे नाव मराठीत सामान्यनाम होऊन बसावे, हे लेखकाचे मोठेच यश म्हटले पाहिजे. परंतु या यशात एक अन्यायही दडलेला आहे. 'तिची पारो झाली' किंवा 'तिची चंद्रमुखी झाली' असे कोणी म्हणत नाही. आपण रडणाऱ्या पुरुषाचे नाव लक्षात ठेवले आणि ज्या दोघींनी सोसले त्यांना विसरलो. या विस्मरणात आपल्या चित्रपटांचा वाटा किती, हे पाहण्याजोगे आहे.

शरच्चंद्र चट्टोपाध्याय यांनी ही कादंबरी ऐन पंचविशीच्या आसपास लिहिली. ती प्रसिद्ध झाली मात्र १९१७ साली. मामा वरेरकरांच्या अनुवादांमुळे शरदबाबू मराठी वाचकाला परके कधी वाटलेच नाहीत. १९२८ साली 'देवदास'वर मूकपट निघाला. प्रमथेश बरुआ यांनी १९३५ साली बंगालीत तो बोलपट केला आणि लगोलग १९३६ साली कुंदनलाल सैगल यांना घेऊन हिंदीत. पुढे १९५५ साली बिमल रॉय, २००२ साली संजय लीला भन्साळी आणि २००९ साली 'देव डी' या नावाने अनुराग कश्यप यांनी ही कथा पुन्हा पडद्यावर आणली. यांपैकी मुळाशी प्रामाणिक कोण, सैगल थोर की दिलीपकुमार, असे वाद रंगतात. मला ते निष्फळ वाटतात. या चित्रपटांची खरी कसोटी देवदास नव्हेच. पारो आणि चंद्रमुखी या दोघींना कोणी किती जागा दिली, ही ती कसोटी होय.

कादंबरीतली पार्वती ही काही आसवे गाळीत बसणारी मुलगी नाही. मध्यरात्री एकटी देवदासच्या खोलीत जाऊन ती आपले मन उघड करते. त्या काळच्या खेडेगावात एका कुलीन मुलीने हे करणे म्हणजे सर्वस्व पणाला लावणे होते. कच खातो तो देवदास. पुढे वयस्क बिजवर जमीनदाराशी लग्न झाल्यावर रागावलेल्या सावत्र मुलीला ती आपले दागिने देऊन आपलीशी करते. चंद्रमुखीचेही तसेच. ती आपला व्यवसाय सोडते, कलकत्ता सोडते, नदीकाठच्या खेड्यात मातीच्या घरात राहू लागते. या कथेत बदलण्याचे सामर्थ्य दोन स्त्रियांत आहे. नायकात ते नाही. आणि विशेष हे की, कादंबरीत या दोघी एकमेकींना कधी भेटत नाहीत. एक घरंदाज सून, दुसरी बाजारातली बाई. ज्या समाजाने पारोला देवदासपासून तोडले, त्याच समाजाने या दोघींमध्ये भिंत उभी केली. ही न झालेली भेट कादंबरीचा प्राण आहे, असे मला वाटते.

बरुआंच्या चित्रपटाने देवदासला अमर केले, यात शंका नाही. आजारी देवदास आगगाडीत पारोच्या नावाने आक्रोश करतो आणि तिकडे दूर पारो ठेच लागून पडते, ही त्यातली जोडणी आजही अभ्यासली जाते. पण सैगल यांच्या आवाजाने एक विपरीत गोष्ट घडली. नायकाचा दुबळेपणा इतका गोड झाला की तो दोष न वाटता अलंकार वाटू लागला.

याचे उत्तर पुण्यातून आले. व्ही. शांताराम यांनी १९३९ साली प्रभातसाठी 'माणूस' काढला, तो 'देवदास'मधल्या पराभूत वृत्तीला उत्तर म्हणूनच. त्यातला पोलीस शिपाई गणपत मैना या वेश्येवर प्रेम करतो आणि दारूच्या आहारीही जातो. पण अखेर कामावर परततो. शांता हुबळीकर यांची मैना तर पुरुषाच्या दुःखाची शोभा म्हणून नव्हेच, स्वतःच्या प्राक्तनाशी झगडणारी बाई म्हणून उभी राहते. 'देवदास'चा खरा टीकाकार मराठी पडद्याने दिला, ही आपल्याला अभिमानाची गोष्ट आहे.

बिमल रॉय यांनी बरुआंच्या हिंदी 'देवदास'चे छायालेखन केले होते. गुरूची कृती त्यांनी पुन्हा केली, पण एक प्रसंग आपल्या पदरचा घातला. रस्त्याने चंद्रमुखी पायी चालली आहे आणि समोरून पारोची पालखी येते. दोघी एकमेकींकडे पाहतात. कोणी काही बोलत नाही. पालखी निघून जाते. सुचित्रा सेन आणि वैजयंतीमाला यांच्या त्या क्षणभराच्या नजरेत एकीचे पालखीत असणे आणि दुसरीचे पायी असणे सारे काही सांगून जाते. शरदबाबूंनी हा प्रसंग लिहिला नाही, तरी तो त्यांच्याच कादंबरीतला वाटतो. कारण भेट होऊनही भिंत तशीच राहते. या भूमिकेसाठी वैजयंतीमाला यांना साहाय्यक अभिनेत्रीचे फिल्मफेअर पारितोषिक देऊ केले, तेव्हा आपली भूमिका पारोच्या तोडीची आहे असे सांगून त्यांनी ते नाकारले. त्यांचे म्हणणे रास्तच होते.

भन्साळींच्या चित्रपटात सारेच भव्य. कादंबरीतला देवदास शिकायला कलकत्त्याला जातो, इथे तो लंडनहून येतो. कादंबरीत तो पारोच्या कपाळावर मासे धरायच्या गळाच्या काठीने व्रण करतो, इथे दागिन्याने. आणि इथे पारो व चंद्रमुखी नुसत्या भेटत नाहीत, दुर्गापूजेत तांबड्या काठाच्या शुभ्र साड्या नेसून एकत्र नाचतात. दुर्गेच्या मूर्तीसाठी वेश्येच्या अंगणातली माती लागते, या खऱ्या प्रथेचा दिग्दर्शकाने केलेला उपयोग मार्मिक आहे. पूजेत अपमान करणाऱ्या जमीनदाराच्या जावयाला चंद्रमुखी चोख उत्तरही देते. हे श्रेय नाकारू नये. तरीही नाच संपतो तेव्हा प्रेक्षकाच्या मनात काय उरते? सारखी साडी, सारखे सोने, सारखी पावले. दोघींमधले अंतर झगमगाटात पुसले गेले, आणि त्या अंतराबरोबर कादंबरीचे दुःखही.

'देव डी'वर अनेकजण रागावले. त्यातली भाषा, त्यातली धिटाई सर्वांना रुचण्याजोगी नाही. पण कश्यप यांची पारो पंजाबातल्या शेतात सायकलवर गादी बांधून नेते, आपली इच्छा लपवीत नाही आणि लग्नानंतर देवसाठी झुरत बसत नाही. चंदाला तिचा स्वतःचा भूतकाळ आहे, ती शिकते आहे. आणि देव मरत नाही. मुळापासून सर्वांत दूर गेलेला हा चित्रपट मला त्या दोन स्त्रियांच्या सर्वांत जवळचा वाटतो. मुळाशी इमान राखणे म्हणजे प्रसंगांची बेरीज जुळवणे नव्हे, हे यावरून दिसून यावे.

कादंबरीच्या अखेरीस पारो धावत सुटते आणि तिला बेशुद्धावस्थेत घरात आणले जाते. पडद्यावर मात्र तिच्यासमोर हवेलीचा दरवाजाच बंद होतो. तो दरवाजा देवदासने उघडला असता, तर ही कथाच घडली नसती. शरदबाबू शेवटी वाचकाकडे देवदाससाठी करुणा मागतात आणि ती त्याला भरभरून मिळाली, शंभराहून अधिक वर्षे मिळते आहे. आता त्या दोघींची पाळी आहे. यापुढे कोणी मित्र प्रेमभंगाने खचून 'देवदास' म्हणवून घेऊ लागला, तर त्याचे सांत्वन जरूर करावे. पण त्याची पारो रात्री त्याच्या दाराशी आली होती का, आणि तेव्हा त्याने काय उत्तर दिले, हेही त्याला विचारावे.