रेघ आपली, आकडा कुणाचा?

नकाशावर माउसने मनाला येईल तसा आकार काढायचा, आणि त्यात किती माणसं राहतात ते दोन सेकंदांत बघायचं. लोकसंख्येच्या मॅपिंग टूलमधलं हे सगळ्यांचं लाडकं फीचर. माझं रोजचं काम अशाच एका टूलचं, त्यामुळे डेमोत हे बटण आलं की समोरचे चेहरे कसे खुलतात ते मी चांगलंच ओळखतो. आणि ते साहजिकही आहे हो. वॉर्ड, तालुका, पिनकोड या सरकारी सोयीच्या हद्दी. दवाखाना कुठे काढावा, बसचा थांबा कुठे हवा, हे प्रश्न त्या हद्दींत कधीच नीट बसत नाहीत. तेव्हा आपला एरिया आपण काढता यावा, हे शंभर टक्के मान्य.

पण माझं मत असं, की हे फीचर जितकं सोपं होत जातं तितकं ते जास्त फसवं होतं. कारण रेघ आपली असली, तरी त्या रेघेच्या आत कुणी कधी मोजायला गेलेलं नसतं.

म्हणजे कसं, बघा. जनगणनेत प्रगणक घरोघर जातो, पण शहरांचे आकडे आपल्या हातात पडतात ते बहुतेक वेळा वॉर्डाचे. आता तुमच्या वर्तुळात एखादा वॉर्ड अर्धामुर्धाच आला तर? टूल यात फार काही हुशारी करत नाही. एक तर वॉर्डाचा मध्यबिंदू वर्तुळात असेल तर अख्खा वॉर्ड धरतं, नसेल तर अख्खा सोडतं. नाहीतर जितकं क्षेत्रफळ आत, तितकी माणसं आत, असा सरळ त्रैराशिक मांडतं. म्हणजे पावावर बटर फासावं तशी माणसं वॉर्डभर सारखी पसरलीत असं गृहीत धरून!

हे मुंबईच्या जी-नॉर्थ वॉर्डात करून बघू. दादर, माहीम आणि धारावी, तिन्ही याच वॉर्डात. क्षेत्रफळ साधारण ९ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या सुमारे ६ लाख. हातात फक्त वॉर्डाची फाईल आहे असं समजा, आणि धारावीभोवती साधारण अडीच चौरस किलोमीटरचा आकार काढा. त्रैराशिक सांगेल: १ लाख ६७ हजार माणसं. २०२० मध्ये कोविडच्या काळात वर्तमानपत्रांत धारावीचा आकडा किती छापून येत होता, आठवतंय? साडेआठ लाख! म्हणजे टूलच्या उत्तराच्या पाचपट. गंमत अशी, की २०११ ची अख्ख्या वॉर्डाची लोकसंख्यासुद्धा त्याहून कमी भरते. दोन आकड्यांत नऊ वर्षांचं अंतर आहे, आणि साडेआठ लाख हा अंदाज आहे हेही खरं. पण शिवाजी पार्कचं मैदान आणि धारावीतली गल्ली यांना प्रति चौरस मीटर सारखीच माणसं वाटून देणारं उत्तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. आणि ते उत्तर स्क्रीनवर कसं येतं? शेवटच्या अंकापर्यंत, ठळक अक्षरांत. संडास किती, दवाखाने किती, लसीचे डोस किती, हे त्यावरून कुणी ठरवलं तर पाचातल्या चार माणसांचा हिशेबच लागणार नाही.

दुसरा धोका माणसांचा. एका क्लायंटने दुकानासाठी दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलं. आकडा कमी वाटला, म्हणून अडीच केलं, मग तीन. तिसऱ्या वेळी साहेबांना हवा तो आकडा आला आणि तोच प्रेझेंटेशनमध्ये गेला. वर्तुळ तीनच किलोमीटरचं का, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आकडा बघून हद्द ठरवायची ही युक्ती राजकारण्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. १८१२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसेच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांच्या नावावरून तिला ‘जेरीमॅंडरिंग’ म्हणतात. आता ती प्रत्येकाच्या लॅपटॉपवर आली, इतकंच.

मग रेघ काढूच नये का? काढावी की! पण आधी कारण असावं. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने मृत्यू नकाशावर मांडले, ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. त्याने १८५५ च्या नकाशात एक रेघही घातली होती, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. ब्रॉड स्ट्रीटचा पंप आणि आजूबाजूचे पंप, यांत रस्त्याने चालत कुठला जवळ पडतो, ते ठरवणारी ती हद्द. कंपास घेऊन गोल फिरवला नाही त्याने. पाणी भरायला माणूस कुठे जाईल, हा विचार केला. आपल्याकडे माहीम स्टेशनभोवती गोल काढताना रेल्वेचे रूळ ओलांडायला पूल कुठे आहे, एवढं तरी बघायला नको?

टूल बनवणाऱ्या आम्हा लोकांकडून माझ्या अपेक्षा तीन. एक, उत्तरासोबत सांगा की यातली किती माणसं अख्ख्या वॉर्डांतून आली आणि किती त्रैराशिकाने वाटली. वॉर्ड कुठे कापला हे प्रोग्रॅमला माहीतच असतं, फक्त दाखवायचं आहे. क्यूजीआयएसमध्ये हे कापाकापीचं काम स्वतः करावं लागतं. किचकट आहे, पण निदान कापलेले तुकडे टेबलात डोळ्यांसमोर येतात. दोन, आकड्याशेजारी वर्ष लिहा. २०२१ ची जनगणना झालीच नाही, आणि पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. तोवर ‘लोकसंख्या’ असा नुसता शब्द म्हणजे २०११ चा जुना फोटो. तीन, हद्द कितीदा बदलली याची नोंद रिपोर्टवर छापा. सेल्सवाल्यांना हे आवडणार नाही. न आवडू दे.

आणि वापरणाऱ्यांसाठी एकच नियम. एरिया काढण्याआधी तो तसाच का, हे एका वाक्यात कागदावर लिहा. ते वाक्य जमत नसेल, तर माउसला हात लावू नका.