पुतळा आणि माणूस

शांतिनिकेतन पाहून आलेले आपल्यांतील अनेक जण रामकिंकर बैज यांच्या ‘संथाळ कुटुंब’ या शिल्पाविषयी एकच तक्रार करतात: ते ओबडधोबड आहे, चेहऱ्यांवर भाव नाहीत. ही तक्रार आम्हांस मान्य नाही.

१९३८ साली या कलावंताने सिमेंट आणि जांभ्या दगडाची खडी घेऊन हे शिल्प उघड्यावर उभे केले. पुरुषाच्या खांद्यावर कावड, सोबत स्त्री, मूल आणि कुत्रे. सारा संसार घेऊन ही माणसे निघाली आहेत. त्यांच्या डोळ्यांत अश्रू कशाला शोधावेत? भाव आहे तो त्यांच्या चालीत, ओझ्याखालीही न वाकलेल्या कण्यात. तुळतुळीत संगमरवरात हेच कष्ट खोटे वाटले असते. १९५६ च्या ‘गिरणीची हाक’ या शिल्पातही धावणाऱ्या स्त्रियांची लगबग वाऱ्यावर फडफडणाऱ्या वस्त्रांतून प्रकटते.

गणपतराव म्हात्रे यांची १८९६ ची ‘मंदिरपथगामिनी’ आम्हांसही प्रिय आहे. देवळाच्या वाटेवरील तरुणीस ती मृदुता शोभते. बिऱ्हाड पाठीशी बांधून निघालेल्या श्रमिकास ती कशी शोभावी? एकच गज सर्वत्र लावणे ही रसिकता नव्हे, तो आळस आहे.

हा वाद केवळ अभिरुचीचा नाही. चौकांत कोणते पुतळे उभे राहावेत, हे ठरविणाऱ्या समित्यांवर अधिकारीच बसतात. ‘हुबेहूब’ एवढाच शेरा मारून आपण मंजुरी देत राहिलो, तर गावोगावी कोटाची बटणे तेवढी अचूक उतरतील. माणूस मात्र त्या पुतळ्यांत सापडणार नाही.