चोर कोण?

मोत्याने ओट्यावरची भाकरी पळविली, की घरात एकच गिल्ला होतो. कोणी काठी शोधतो, कोणी त्याचा कान धरतो. तोवर भाकरी पोटात गेलेली असते आणि मोत्या अंगणात निवांत पहुडलेला असतो. मुलांनो, अशा वेळी त्याला बसणारा मार मला निव्वळ अन्याय वाटतो. मघाची भाकरी आणि आताची काठी यांचा संबंध कुत्र्याला जोडता येत नाही. तो मान खाली घालतो, तेव्हा आपण म्हणतो, "पाहा, अपराध कळला याला!" अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन विदुषीने २००९ साली १४ कुत्र्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांनी खाऊला तोंडही लावले नव्हते, तेही धनी रागावताच तसाच ओशाळा चेहरा करीत! ती भीती असते.

नामदेवांची पोळी कुत्र्याने पळविली, तेव्हा त्याने ती कोरडी खाऊ नये म्हणून ते तूप घेऊन मागे धावले, अशी कथा आहे. आपण निदान भाकरी फडताळात ठेवावी. उघडी सापडलेली एक भाकरी कित्येक दिवसांची शिकवण पुसून टाकते. कारण चोरीचे बक्षीस तिथल्या तिथे मिळते.

शिकवितानाही बक्षीसच हवे. मुठीत तुकडा धरावा. मोत्या हुंगेल, चाटेल, पंजा मारील. मूठ उघडू नये. त्याने तोंड मागे घेताच "शाबास" म्हणून दुसऱ्या हाताने तुकडा द्यावा. मात्र घरातील एकानेही जेवताना पानातला घास हळूच खाली टाकला, की सारे मुसळ केरात. आमच्या घरी तो एकजण मीच निघालो.