दुसरा दुभाषी कुठे आहे?

सर्वोच्च न्यायालयात सप्टेंबर २०२३ मध्ये कर्णबधिर वकील सारा सनी यांनी सांकेतिक भाषेतून बाजू मांडली, त्याची बातमी देशभर अभिमानाने छापून आली. सुनावणी ऑनलाइन होती. दुभाष्याला पडद्यावर सतत ठेवायचे की नाही, यावरून सुरुवातीला अडले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने ती अडचण दूर केली. दुभाष्याचा वेग पाहून सॉलिसिटर जनरल तुषार मेहता यांनीही मनापासून दाद दिली. हे सारे आनंदाचेच होते. पण त्या वेगाची किंमत दुभाष्याच्या बोटांना, खांद्यांना आणि डोक्याला किती मोजावी लागते, हा विषय आपल्या सार्वजनिक चर्चेत अजून आलेला नाही.

न्यायालयात, रुग्णालयात, पोलीस ठाण्यात, वर्गात, सभा-समारंभात दिवसभरासाठी एकच दुभाषी बोलवायचा, ही पद्धत आपण चालवून घेतली आहे. ती थांबली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. एकट्या माणसाकडून तासन्‌तास करून घेतलेल्या भाषांतराने त्याचे शरीर झिजते. शिवाय ज्या कर्णबधिर व्यक्तीसाठी ते काम चाललेले असते, तिच्या पदरात अर्धवट आणि चुकीचे भाषांतर पडते, आणि तसे ते पडले हे तिला कळण्याची काहीच सोय नसते.

बघणाऱ्याला फक्त हात हलताना दिसतात. समोरचा माणूस बोलत असतो आणि त्याचे वाक्य अजून पुरे झालेले नसते. मराठीत ‘देता येईल’ की ‘देता येणार नाही’ हे समजायला वाक्याच्या टोकापर्यंत थांबावे लागते. तोवर आधीचे वाक्य हातांतून उतरत असते आणि पुढचे कानावर येऊन पडलेले असते. भारतीय सांकेतिक भाषेचे व्याकरण तिचे स्वतःचे आहे. ‘कोण’, ‘कुठे’, ‘का’ हे वाक्याच्या शेवटी येतात. भुवया वर गेल्या की साध्या विधानाचा प्रश्न होतो. समोरच्या हवेत एक जागा भावाला आणि दुसरी मेहुण्याला नेमून दिली, की पुढचे सगळे बोलणे त्या दोन जागा लक्षात ठेवून करावे लागते. म्हणजे चेहरा, मान, खांदे, कंबर सगळेच कामाला लागलेले असते. ठरलेली खूण नसलेला शब्द आला की तो एकेक अक्षर करून बोटांनी लिहायचा, आणि आपल्याकडची बोटाक्षरे प्रामुख्याने दोन्ही हातांनी काढायची आहेत. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांग दारापर्यंत गेलेली असते. डॉक्टर एका दमात तीन औषधांची नावे सांगतात, कुठली गोळी अर्धी, कुठली उपाशीपोटी, कुठली पंधरा दिवसांनी बंद करायची. दुभाष्याला यातले एकही अक्षर गाळून चालत नाही. मग रुग्ण उलट विचारतो, तेव्हा सगळी दिशा फिरते. आता डोळ्यांनी घ्यायचे आणि तोंडाने सांगायचे.

या कामाने शरीर कसे दुखावते, याचा अभ्यास अमेरिकेत रॉचेस्टर शहरात बराच आधी झाला. कर्णबधिरांसाठीची राष्ट्रीय तंत्रशिक्षण संस्था तिथे आहे, त्यामुळे दुभाषेही तिथे मोठ्या संख्येने काम करतात आणि त्यांची दुखणी नजरेत भरण्याइतकी होती. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संशोधकांनी हात दुखणारे आणि न दुखणारे दुभाषे यांच्या हालचाली ताडून पाहिल्या. दुखणे असलेले दुभाषे मध्ये विसावा कमी घेत होते, मनगट जास्त वेळा वाकवत होते, हात अंगापासून लांब नेत होते आणि बोटे अधिक वेगाने फिरवत होते. पुढे रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अभियंत्यांनी मनगटाच्या हालचाली यंत्राने मोजल्या. कारखान्यातल्या जुळणीच्या ज्या कामांत हाताला इजा होण्याचा धोका मोठा मानला जातो, त्यांच्यापेक्षाही हा ताण जास्त भरला. वक्ता भराभर बोलू लागला किंवा मनावरचे दडपण वाढले, की मनगटावरचा भारही वाढतो, हेही त्यांना दिसले. दडपण मनावर येते आणि भार मनगटावर पडतो, हे इथे मोजून दिसले आहे.

मनगटात नस दबून बोटांना मुंग्या येतात, रात्री हात बधिर होऊन झोपमोड होते, सकाळी चहाचा कप धरवत नाही. डॉक्टर याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हे नाव आहे. आपल्या जुन्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सक्तीने कळवायच्या २९ आजारांची यादी होती. कारखान्यातल्या आवाजाने आलेला बहिरेपणा त्या यादीत होता, हे चांगलेच. पण मनगट, कोपर, खांदा यांची झीज तिथे कुठेच नव्हती. दुभाषी तर कारखान्यात नसतोच. बहुतेक जण बोलावणे येईल तेव्हा जाणारे, तासावर किंवा दिवसावर मानधन घेणारे. हात सुजला तर रजा नाही, विमा नाही, आणि हातच चालला नाही तर उत्पन्नही नाही. म्हणून दुखणे लपवण्याकडे कल असतो. ‘हिचा हात दुखतो’ असे एकदा कानोकानी झाले की पुढचे बोलावणे येत नाही, ही भीती खरी आहे.

डोक्याचा थकवा याहून फसवा असतो. सांकेतिक भाषेच्या दुभाष्यांवर १९७६ मध्ये ब्रेझेल यांनी केलेल्या अभ्यासात साधारण २० ते ३० मिनिटांनंतर चुका वाढताना दिसल्या. बोलीभाषांच्या दुभाष्यांबाबत जिनिव्हात बार्बरा मोझर-मर्सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडलेला निष्कर्ष तर अधिक काळजीचा आहे. नेहमीच्या अर्ध्या तासापलीकडे काम चालू ठेवणाऱ्यांच्या चुका वाढत गेल्या, पण आपले काम घसरते आहे हे त्यांचे त्यांना जाणवलेच नाही. म्हणून ‘थकलात तर सांगा’ एवढ्याने भागत नाही. पाळी घड्याळावरच लावावी लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर न्युरेंबर्गच्या खटल्यात भाषांतरासाठी दुभाष्यांचे तीन चमू नेमले होते आणि ते आळीपाळीने बसत. जी गोष्ट १९४५ मध्ये समजली होती, ती आपल्या सत्र न्यायालयांना आणि जिल्हाधिकारी कार्यालयांना आज समजावून सांगावी लागू नये.

जोडीने काम करणारे दुभाषे साधारण वीस मिनिटांनी जागा बदलतात. ज्याची पाळी नसते तो तेव्हा स्वस्थ बसलेला नसतो. जोडीदाराच्या हातून निसटलेला आकडा, गावाचे नाव, कलमाचा क्रमांक तो हळूच पुरवतो. कर्णबधिर व्यक्तीच्या चेहऱ्यावर गोंधळ दिसला तर खूण करतो. आयोजकाला मात्र ‘एक काम करतोय आणि एक बसलाय’ एवढेच दिसते आणि पुढच्या वेळी तो एकच नाव कळवतो. दुभाष्यांशी याविषयी बोलले की ही तक्रार हमखास कानी येते.

२००१ मध्ये रॉबिन डीन आणि रॉबर्ट पोलार्ड यांनी कामगारांच्या ताणाचा एक जुना सिद्धांत या व्यवसायाला लावून पाहिला. कामाची मागणी जितकी मोठी आणि माणसाचा त्यावरचा ताबा जितका कमी, तितका तो आजारी पडण्याचा धोका जास्त, असे तो सिद्धांत सांगतो. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यात रात्री बोलावलेली तरुण दुभाषी डोळ्यांपुढे आणा. प्रकाश कमी, खुर्ची भलत्या कोनात, चार माणसे एकदम बोलणारी, आणि ‘साहेब, जरा हळू, एकेकाने बोला’ असे म्हणण्याइतके तिथे तिचे कुणी ऐकत नाही. तिच्याकडची मागणी अफाट असते आणि ताबा जवळपास शून्य.

सर्वात जास्त सोसावे लागते ते लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत. दुभाष्याने ‘ती म्हणते की’ असे बोलायचे नसते. साक्षीदाराचे शब्द प्रथमपुरुषी, जसेच्या तसे सांगायचे असतात. कर्णबधिर मुलगी हातांनी सांगते आणि दुभाषीच्या तोंडून शब्द येतात: ‘त्याने माझे तोंड दाबले. मी ओरडले. कोणी आले नाही.’ उलटतपासणीत तेच पुन्हा, तुकड्या-तुकड्याने. बचाव पक्षाचा वकील त्या मुलीला खोटी ठरवू पाहतो, तेव्हा ते प्रश्न दुभाषीला आपल्याच हातांनी आणि आपल्याच चेहऱ्यावर आणून तिच्यापुढे ठेवावे लागतात. संध्याकाळी दुभाषी लोकल पकडून घरी जाते. घरी काही सांगायचे नाही, कारण गोपनीयतेचे बंधन आहे आणि ते असायलाच हवे. न्यायाधीशाला सहकारी असतात, पोलिसाला ठाणे असते, डॉक्टरला विभाग असतो. या बाईला त्या दिवसाबद्दल कुणापाशी बोलायची सोय व्यवस्थेने केलेली नाही. रात्री झोपेत हात हलत राहतात, असे दुभाषे सांगतात. त्यावर विश्वास ठेवायला आम्हाला मुळीच जड जात नाही.

कायद्याला दुभाषी लागतो, याबद्दल शंका नाही. २०१३ च्या फौजदारी दुरुस्तीने अपंग पीडितेचा जबाब दुभाषी किंवा विशेष शिक्षकाच्या मदतीने नोंदवण्याची आणि बोलू न शकणाऱ्या साक्षीदाराची साक्ष चित्रित करण्याची तरतूद केली, आणि नव्या फौजदारी संहितांतही ती आली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. न्यायापर्यंत पोहोचण्याचा हक्क त्यात आहे. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत जिल्हा बाल संरक्षण कक्षाने दुभाष्यांची नोंदवही ठेवावी, त्यांचे मानधन बाल न्याय कायद्याखालच्या निधीतून द्यावे, दुभाष्याने निःपक्ष राहावे, गुप्तता पाळावी, असे सगळे लिहिले आहे. दुभाष्याची पात्रता, त्याची कर्तव्ये आणि त्याचे पैसे यांची दखल नियमांनी घेतली. त्याने सलग किती वेळ काम करायचे, जोडीला कोण, साक्षीनंतर त्याच्या मनाची काळजी कोण घेणार, हे मात्र राहून गेले.

हे का राहते? या कामाकडे आपण अजून समाजसेवा म्हणून पाहतो. पिढ्यान्‌पिढ्या हे काम केले ते कर्णबधिर आईबापांच्या ऐकू येणाऱ्या मुलांनी. आठ-नऊ वर्षांचे मूल बँकेत, रेशन दुकानात, दवाखान्यात आईचा आवाज झाले. त्याचे पैसे कुणी दिले नाहीत आणि त्याने मागितलेही नाहीत. तीच सवय संस्थांना लागली. ‘पुण्याचे काम आहे’ म्हणायचे आणि शाल-श्रीफळ देऊन मानधनाचा विषय टाळायचा, हे महाराष्ट्रात कितीदा घडते ते या क्षेत्रातल्या कुणालाही विचारावे. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेसारख्या ठिकाणी शिकून, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली पदविका घेऊन आलेल्या मुला-मुलींचा हा व्यवसाय आहे. त्यांना दाम आणि विसावा दोन्ही मिळाले पाहिजेत.

दुभाषे मुळातच मूठभर, मग जोडी आणायची कुठून, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे. २०११ च्या जनगणनेत देशात श्रवणदोष असलेल्यांची नोंद ५० लाखांवर झाली. २०१५ मध्ये सुगम्य भारत अभियान सुरू झाले तेव्हा आणखी २०० दुभाषे तयार करण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. गरज केवढी आणि उद्दिष्ट केवढे, हे त्यावरून कळावे. पण टंचाई आहे म्हणून असलेल्यांना पिळायचे, तर टंचाई वाढणारच. अनुभवी दुभाषी दहा-बारा वर्षांत मनगट धरून घरी बसली, की तिच्यासोबत न्यायालयाची आणि रुग्णालयाची भाषा जाणणारे हातही गेले. ते एका पदविकेने परत येत नाहीत. शिवाय प्रत्येक जोडी ऐकू येणाऱ्या दोघांचीच हवी असे नाही. शाळेत न गेलेल्या, घरातल्याच खुणा वापरणाऱ्या खेड्यातल्या माणसाचे बोलणे कर्णबधिर दुभाष्याला जितके उमगते तितके ऐकणाऱ्याला उमगत नाही. सांकेतिक भाषा शिकवण्याची पदविका घेतलेले कर्णबधिर तरुण-तरुणी आपल्याकडे आहेत. त्यांना दुभाष्याचे प्रशिक्षण देऊन न्यायालयाच्या यादीवर घेतले, तर जोडी पुरी होईल, भाषांतर नेमके होईल आणि त्यांना कामही मिळेल.

व्हिडिओ कॉलवरून भाषांतर हा उपाय म्हणून हल्ली पुढे केला जातो. गडचिरोलीच्या रुग्णाला मुंबईचा दुभाषी मिळणार असेल तर ते हवेच. पण छोट्या पडद्यावर, अडखळणाऱ्या नेटवर्कवर खुणा वाचणे डोळ्यांना अधिक जड जाते, आणि दोन कॉलच्या मध्ये प्रवासाचा जो आपोआप विसावा मिळे तो राहत नाही. तिथे तर वेळेची मर्यादा आधी ठरवली पाहिजे.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग उभारला. या विभागाने शासन निर्णय काढून तासाभरापेक्षा लांबणाऱ्या प्रत्येक शासकीय कामासाठी दोन दुभाषे सक्तीचे करावेत. भाषण, आरोपपत्र, वैद्यकीय अहवाल असे कागद आदल्या दिवशी त्यांच्या हाती द्यावेत. मानधनात प्रवास आणि ऐन वेळी रद्द झालेले काम धरावे, आणि नोंदवहीवरच्या प्रत्येक दुभाष्याला हाताच्या दुखण्यांसह आरोग्य विम्याचे कवच द्यावे. अत्याचाराच्या खटल्यांत काम करणाऱ्यांसाठी, गुप्तता पाळणाऱ्या समुपदेशकाची नेमणूक जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांना करता येईल. उच्च न्यायालयानेही विशेष न्यायालयांना परिपत्रक पाठवावे: कर्णबधिर साक्षीदाराची तारीख लावतानाच दोन्ही दुभाष्यांना कळवायचे, साक्षीत दर वीस मिनिटांनी पाळी बदलायची, आणि दुसरा दुभाषी हजर नसेल तर त्या दिवशी उलटतपासणी सुरू करायची नाही.