सुट्टीतला डॉक्टर नको, वर्षभराचा हवा

मैत्रिणींनो (आणि गुपचूप वाचणाऱ्या बाबालोकांनो),

इथल्या शाळांना जुलैअखेर सुट्टी लागायची वेळ आली की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "पुण्यात पीसीओडीसाठी बेस्ट गायनॅक कोण? दोन आठवडे आहोत. लेक १६ वर्षांची आहे." तासाभरात खाली रांग लागते. नाव, नंबर, "माझ्या नणंदेच्या मुलीला खूप फरक पडला", "त्यांच्याकडे आयुर्वेदिक पण आहे". मुलीला नक्की काय होतंय, पाळी सुरू होऊन किती वर्षं झाली, आणि ते दोन आठवडे संपल्यावर तिला कोण बघणार, हे मात्र कोणी विचारत नाही.

मी डॉक्टर नाही, चार्टर्ड अकाउंटंट आहे. लेकीचं निदान होऊन तीन वर्षं झाली. कुठली गोळी घ्यावी हे मी सांगणार नाही. पण काम कोणाला द्यायचं, त्याने काय तपासायला हवं होतं आणि काय तपासलंच नाही, हे बघणं माझा रोजचा धंदा आहे. त्या नजरेने बघितलं तर मॉर्गेज घेताना आपण पाच ब्रोकरना पिडतो, आणि मुलीच्या हार्मोन्सचा निर्णय एका फॉरवर्डेड नंबरवर घेतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: पीसीओएससाठी डॉक्टर निवडायचा तो पुढच्या सहा महिन्यांनी आणि पुढच्या वर्षीही तिला बघू शकेल असा. म्हणजे ती राहते तिथला. पुण्यातले डॉक्टर वाईट आहेत असं मी अजिबात म्हणत नाहीये, तिथे राहत असते तर मीही त्यांच्याकडेच गेले असते. प्रश्न अंतराचा आहे.

का ते सांगते. हनुवटीवरचे केस औषधाने कमी होताहेत की नाही हे कळायला कमीत कमी सहा महिने लागतात. साखरेची स्थिती निदानाच्या वेळी आणि मग दर एक ते तीन वर्षांनी बघायची असते. वजन, ब्लडप्रेशर, मूड, झोप, पाळीच्या तारखा हे सगळं पुन्हा पुन्हा बघायचं असतं. आपण काय करतो? दोन आठवड्यांत सगळ्या टेस्ट, एक जाडजूड फाइल, तीन महिन्यांच्या गोळ्या बॅगेत. ऑक्टोबरात गोळ्या संपतात. इथल्या जीपीला ब्रँडचं नाव कळत नाही, ती जसंच्या तसं पुढे लिहून देईलच असं नाही. मग मावशीला सांगून येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत पार्सल. पार्सल चुकलं की गोळ्या बंद. पुढच्या जुलैत नवीन "बेस्ट" डॉक्टर, आणि सगळ्या टेस्ट पहिल्यापासून. त्यातही गंमत अशी की मुलगी गर्भनिरोधक गोळी घेत असताना केलेली पुरुषी हार्मोन्सची टेस्ट विश्वासार्ह नसते, गोळी थांबवून निदान तीन महिने तरी जावे लागतात. दोन आठवड्यांच्या सुट्टीत हे कसं बसवणार?

ओळखीतल्या एका घरातलं सांगते, तिच्या आईला विचारून लिहितेय. मुलगी १५ वर्षांची, पाळी सुरू होऊन दोन वर्षं झालेली. चाळीस-बेचाळीस दिवसांनी यायची. चेहऱ्यावर केस नाहीत, पिंपल्स सगळ्या वर्गाला असतात तेवढेच. सुट्टीत नेली, सोनोग्राफी झाली, एएमएच झाली, रिपोर्टवर "पॉलिसिस्टिक" छापून आलं. सहा पाकिटं गोळ्या आणि "वजन कमी कर, नाहीतर पुढे मूल होणार नाही" हे वाक्य घेऊन पोरगी परत आली. दोन महिने ती दुपारचं जेवत नव्हती, हे आईला शाळेतून कळलं.

आता कागदावर काय आहे ते बघा. मोठ्या बाईमध्ये निदान करताना २००३ पासून रॉटरडॅम निकष वापरतात: अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन्स वाढल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि अंडाशयाचं विशिष्ट चित्र, ह्या तीनपैकी दोन. (ज्यांना "सिस्ट" म्हणतात त्या गाठी नसतातच, अर्धवट वाढलेले बीजकोश असतात.) पण किशोरवयीन मुलींसाठी नियम वेगळा आहे. २०२३ मध्ये मोनॅश विद्यापीठाच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना नव्याने निघाल्या. त्यात स्पष्ट लिहिलंय की मुलींमध्ये पहिल्या दोन्ही गोष्टी असायलाच हव्यात, आणि किशोरवयात सोनोग्राफीवरून निदान करू नये. एएमएचवरूनही नाही. कारण ह्या वयात बऱ्याच मुलींचं चित्र तसंच दिसतं. पाळीचंही तसंच: पहिल्या वर्षी अनियमित असणं वाढीचाच भाग आहे, पहिल्या ते तिसऱ्या वर्षात ४५ दिवसांपर्यंत चालतं, तीन वर्षांनंतर ३५ दिवसांची मर्यादा. पहिलं वर्ष उलटल्यावर मात्र ९० दिवसांपेक्षा मोठी एकही खाडी पडली तर दाखवायलाच हवं. म्हणजे त्या मुलीची पाळीही अनियमित ठरत नव्हती, दुसरं लक्षणही नव्हतं. तरी शिक्का बसला. हे कागद इंटरनेटवर फुकट आहेत, आणि त्यांचंच आस्कपीसीओएस नावाचं ॲपही आहे, साध्या भाषेत.

म्हणून डॉक्टरचं नाव विचारण्याआधी डॉक्टर काय विचारतो ते ऐका. शेवटच्या सहा पाळ्यांच्या तारखा विचारल्या का? थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून दुसरी कारणं बाजूला काढली का? गरज वाटल्यास १७-ओएच प्रोजेस्टेरॉन? ब्लडप्रेशर घेतलं का? गर्भनिरोधक गोळी सुचवली तर अर्धशिशीच्या वेळी डोळ्यांसमोर चमकतं का, घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्यात का, हे विचारलं का? न विचारता लिहून दिली असेल तर मला तो डॉक्टर चालणार नाही, भिंतीवर कितीही डिग्र्या असोत. साखरेसाठी सगळ्यात अचूक म्हणजे ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी रक्त देण्याची टेस्ट, निदान तिचा विषय तरी निघाला का? आपण दक्षिण आशियाई. आपला धोका कमी वजनातच सुरू होतो, म्हणून आपल्यासाठी बीएमआयची रेषा २५ वर नाही, २३ वर धरतात. "बारीक आहे, तिला कसला पीसीओएस" म्हणणारा डॉक्टर आणि "जाड आहे, म्हणूनच सगळं" म्हणणारा डॉक्टर, दोघंही मला नकोत.

आणि मानेचं. आपल्या मुलींची मान मागून काळपट होते, आपण बेसन-लिंबू लावून घासतो, "नीट आंघोळ कर" म्हणतो. तो मळ नसतो. बऱ्याचदा ती इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. ज्या डॉक्टरने न सांगता मानेकडे बघितलं, तिला माझे दहा मार्क.

आता इथल्या जीपीबद्दल. मला माहितीये तुम्ही काय म्हणणार. दहा मिनिटं मिळतात, स्क्रीनकडे बघत बोलतात, "मूल हवं असेल तेव्हा या" म्हणून पाठवतात. हे ऐकून मीही चिडलेय, आणि ते चूकच आहे. वर्षात चारपेक्षा कमी पाळ्या येत असतील आणि काही उपाय चालू नसेल, तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं आणि पुढे त्याचा धोका असतो. ते मूल हवं असण्या-नसण्यावर अवलंबून नाही. पण एका जीपीने हात झटकले म्हणून आपण थेट विमानाचं तिकीट काढतो, मधल्या सगळ्या पायऱ्या सोडून. त्याच प्रॅक्टिसमध्ये दुसरी जीपी असते. रिसेप्शनला फोन करून "वुमेन्स हेल्थ कोण बघतं?" विचारता येतं, बाई डॉक्टर मागता येते. प्रॅक्टिस बदलता येते. इंग्लंडमध्ये जीपीने स्पेशालिस्टकडे पाठवायचं ठरवलं तर पहिल्या भेटीसाठी हॉस्पिटल निवडायचा हक्क बहुतेक वेळा आपल्याला असतो, किती जणींनी तो वापरलाय? साखर, वजन, केस हा मुख्य त्रास असेल तर एंडोक्रायनॉलॉजिस्ट, मूल राहण्याचा प्रश्न असेल तर गायनॅक. बाकी बरंचसं काम चांगली जीपीच करते. आणि हिशोबाचंच बोलायचं तर सोळाच्या आतल्या मुलांना आणि १६ ते १८ वयात फुलटाइम शिकणाऱ्यांना इंग्लंडमध्ये एनएचएसची औषधं फुकट आहेत, गर्भनिरोधक गोळी तर कोणत्याही वयात. तरी आपण पार्सलच्या गोळ्यांवर.

दहा मिनिटं पुरवायची असतील तर एक पान लिहून न्या. तारखा, केस कुठे, पिंपल्स कधीपासून, घरात कोणाला डायबेटिस. वरती ठळक: "आम्हाला आज काय हवंय." मी क्लायंटला हेच सांगते, शूबॉक्समध्ये पावत्या भरून ३१ जानेवारीच्या आदल्या रात्री आणू नका. आणि "आत्ता काही करायची गरज नाही" असं उत्तर मिळालं तर शांतपणे म्हणा, हे आणि ह्याचं कारण नोट्समध्ये लिहा. बऱ्याचदा तिथेच संभाषण पुन्हा सुरू होतं.

(दुबई, मस्कतच्या मैत्रिणींसाठी: तुमचा इन्शुरन्स नोकरीबरोबर बदलतो हे मान्य. तुमच्याकडे वर्षभराचा डॉक्टर म्हणजे निदान एकच फाइल, प्रत्येक रिपोर्टची प्रत स्वतःकडे.)

खरं दुखणं मात्र वेगळंच आहे, ते आता बोलतेच. भारतातला डॉक्टर आपल्याला बरा वाटतो कारण तो आपल्याशी बोलतो. मुलगी शेजारी बसलेली असते आणि प्रश्न आईला: "पाळी रेग्युलर आहे का हिची?" इथली जीपी म्हणते, "आई, तुम्ही पाच मिनिटं बाहेर बसाल का?" आणि आपला अपमान होतो! अगं, तेच तर चांगल्या डॉक्टरचं लक्षण आहे. मुलीला समज असेल तर सोळाच्या आतही डॉक्टर तिच्याशी एकटीशी बोलू शकतो, १९८५ च्या गिलिक निकालापासून इथे तसं मानतात. ती आत काय सांगते? केस काढताना जखम झाली, रात्री रडू येतं, खाऊन उलटी काढते. चिंता आणि नैराश्याबद्दल विचारावं हेही त्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. आपल्यासमोर ती हे सांगणार आहे का?

आणि दुसरं, लग्न. "लग्नाआधी बरं करून टाकू", "इथे कोणाला कळायला नको, म्हणून तिकडे दाखवू". मी हे वाक्य शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या बायकांच्या तोंडून ऐकलंय. गर्भनिरोधक गोळी शब्द ऐकला की काही घरांत मुलीच्या चारित्र्याची चर्चा सुरू होते. ती गोळी इथे पाळी आणि केसांवरचं औषध म्हणून दिली जाते हो! जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगात प्रजननक्षम वयाच्या १० ते १३ टक्के बायकांना हे आहे. म्हणजे गणेशोत्सवाच्या हॉलमध्ये अशा पन्नास जणी असतील तर पाच-सहा. लपवायचं कोणापासून? "लग्न झालं की आपोआप बरं होईल" म्हणणारा डॉक्टर भेटला तर फी देऊन उठा, पुन्हा जाऊ नका.

इन्स्टावरच्या "हार्मोन कोच"बद्दल फक्त दोन ओळी. ब्रिटनमध्ये "न्यूट्रिशनिस्ट" कोणीही म्हणवून घेऊ शकतं, "डायटिशियन" मात्र नोंदणीशिवाय नाही. डॉक्टरचं नाव जीएमसीच्या रजिस्टरवर एका मिनिटात फुकट तपासता येतं. आणि पीसीओएससाठी अमुक एकच आहार इतरांपेक्षा चांगला, असं सिद्ध झालेलं नाही. भाकरी-भाजी चालते. पोरीची पोळी काढून तिला महागडे शेक पाजू नका.

तिकिटं काढलेली असतील तर जरूर जा. आजीला भेटा, आंबा संपला असेल पण आळूवड्या मिळतील. तिथे ओळखीच्या डॉक्टरचा सल्ला घ्यायचा असेल तर तोही घ्या, रिपोर्टची प्रत मागून घ्या. पण निघण्याआधी इथल्या जीपीची सप्टेंबरमधली तारीख पकडा. फोन शक्यतो मुलीलाच करू द्या, आणि त्या दिवशी पहिला प्रश्न तिला विचारला जातो की तुम्हाला, तेवढं बघा.